अस्वलांचा वंशवृक्ष जनुकीय पुराव्यावरून कसा मांडावा: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पांसाठी अस्वलांचा वंशवृक्ष हा विषय सोयीचा वाटतो, कारण आज हयात असलेल्या प्रजाती आठच आहेत, त्यांचे डीएनए-क्रम (डीएनएतील ए, टी, जी, सी या बेसची मांडणी) विनामूल्य मिळतात आणि लागणारी सॉफ्टवेअरही मोफत आहेत. या सोयीमुळेच घाई होते. एखादे जनुक उतरवून घेतले जाते, सॉफ्टवेअरला दिले जाते आणि पडद्यावर उमटलेले झाड ‘अस्वलांची उत्क्रांती’ या मथळ्याखाली प्रबंधात जाते. ते झाड खोटे नसते, पण ते त्या एका जनुकाचे असते. जनुकाचा वंश आणि प्रजातीचा वंश यांची वाट अस्वलांच्या बाबतीत ठिकठिकाणी फुटते, आणि ही फूट नेमकी कुठे पडते हे ओळखणे हाच या कामाचा गाभा आहे.

पुढील टप्पे घरच्या संगणकावर, सार्वजनिक माहितीसाठ्याच्या आधारे करता येतात. त्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः काळ मोजण्याचे काम सगळ्यात शेवटी येते, आणि बहुतेकांना ते सगळ्यात आधी करावेसे वाटते.

टप्पा १. प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा

‘अस्वलांचे परस्परसंबंध शोधणे’ हा प्रश्न नव्हे. अस्वलांच्या कुळात निदान तीन वेगवेगळ्या खोलीचे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

पहिला प्रश्न खोलवरचा आहे: जायंट पांडा अस्वलांच्या कुळात मोडतो का, आणि मोडत असेल तर त्याची शाखा कधी फुटली? त्याच्या गुणसूत्रांची संख्या ४२ आहे, दक्षिण अमेरिकेतील चष्मेवाल्या अस्वलाची ५२, तर उरलेल्या सहा प्रजातींची ७४. नुसती संख्या पाहून पांडा परका ठरवणे चूक आहे, कारण गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली तरी संख्या घटते. १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेणवीय अभ्यासाने पांडाला अस्वलांच्या शाखेत बसवले आणि लाल पांडाला त्या शाखेबाहेर ठेवले. या प्रश्नासाठी संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरील मायटोकॉन्ड्रिया या घटकातला सगळा डीएनए, पुरेसा ठरतो.

दुसरा प्रश्न मधल्या खोलीचा आहे: उरलेल्या सहा प्रजातींपैकी कोण कोणाच्या जवळचे? या शाखा भूशास्त्रीय मानाने थोड्या अवधीत एकापाठोपाठ फुटल्या, त्यामुळे झाडाच्या आतल्या फांद्या फार आखूड आहेत. येथे एक जनुक, किंवा एकटा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, पुरत नाही.

तिसरा प्रश्न अलीकडचा आहे: ध्रुवीय अस्वल आणि तपकिरी अस्वल यांचे नाते काय? येथे मायटोकॉन्ड्रियल डीएनए अपुरा तर पडतोच, शिवाय दिशाभूलही करतो.

आपला प्रश्न यांपैकी कोणता आहे हे ठरल्याशिवाय एकही फाइल उतरवू नये.

*सावधान:* प्रकल्पासाठी स्वतः नमुने गोळा करण्याचा विचार असेल तर मेळघाट किंवा ताडोबाच्या जंगलात वाटेवर सापडलेली अस्वलाची विष्ठा वा केसही परवानगीविना उचलू नयेत. आपले भारतीय अस्वल वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन विभागाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत नमुना नाही, हा नियम पाळावा. पहिल्या प्रकल्पासाठी सार्वजनिक माहितीसाठ्यातील क्रम पुरेसे आहेत.

टप्पा २. प्रजातींची यादी आणि बाह्यगट ठरवावा

यादीत आठही प्रजाती असाव्यात: जायंट पांडा (आयल्युरोपोडा मेलानोल्युका), चष्मेवाले अस्वल (ट्रेमार्क्टोस ऑर्नेटस), आपले भारतीय अस्वल (मेलुर्सस उर्सिनस), सूर्य अस्वल (हेलार्क्टोस मलायानस), आशियाई काळे अस्वल (उर्सस थिबेटॅनस), अमेरिकी काळे अस्वल (उर्सस अमेरिकॅनस), तपकिरी अस्वल (उर्सस आर्क्टोस) आणि ध्रुवीय अस्वल (उर्सस मॅरिटिमस). यांपैकी चार भारतात आढळतात: मेलुर्सस, हिमालयातील काळे आणि तपकिरी अस्वल, आणि ईशान्येकडील सूर्य अस्वल. नामशेष गुहा-अस्वलाचा क्रम घेतल्यास तपकिरी अस्वलाच्या बाजूचा भाग अधिक स्पष्ट होतो; मात्र प्राचीन डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी सी या बेसच्या जागी टी दिसण्याची विकृती असते, म्हणून ती हाताळून शुद्ध केलेला प्रकाशित क्रमच घ्यावा.

बाह्यगट म्हणजे ज्याच्या आधारे झाडाचे मूळ ठरते तो, कुळाबाहेरचा पण जवळचा प्राणी. अस्वलांसाठी सील आणि कुत्रा ही जोडी चालते. सील तुलनेने जवळचा, कुत्रा त्याहून दूरचा. दोन्ही घेतल्यास मूळ कुठे बसते हे पडताळता येते. लाल पांडा यादीत टाकला तर आणखी एक तपासणी आपोआप होते: तो अस्वलांच्या शाखेत शिरला, तर कुठेतरी क्रमांची अदलाबदल झाली आहे.

बाह्यगट नेमताना एक तर्कदोष हमखास होतो. पांडा अस्वल आहे की नाही हा प्रश्न असताना पांडालाच बाह्यगट नेमले जाते. तसे केल्यावर पांडा बाहेरच पडणार, कारण त्याला बाहेर आपणच बसवले आहे. प्रश्न फक्त सहा प्रजातींपुरता असेल, तर मात्र पांडा आणि चष्मेवाले अस्वल हे उत्तम बाह्यगट ठरतात.

आणखी एक काळजी घ्यावी. प्रत्येक प्रजातीचा एकच प्राणी घेतला, तर एखादी प्रजाती दुसरीच्या पोटात शिरलेली आहे का, हे कधीच कळणार नाही. तपकिरी अस्वल युरोपापासून हिमालय आणि जपानपर्यंत, तसेच उत्तर अमेरिकेतही पसरलेले आहे. या प्रजातीचे पाच-सहा ठिकाणचे प्राणी घ्यावेत आणि त्यांत अलास्काजवळच्या ॲडमिरल्टी, बारानॉफ आणि चिचागॉफ या बेटांवरील प्राणी असायलाच हवेत. कारण टप्पा ७ मध्ये येईल. ध्रुवीय अस्वलाचेही निदान दोन-तीन प्राणी असावेत.

टप्पा ३. क्रम उतरवून घ्यावेत, पण नोंद वाचून

जेनबँक या सार्वजनिक साठ्यात सर्व आठ प्रजातींचे संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच आहेत. हा जनुकसंच सुमारे १७ हजार बेसजोड्यांचा असतो आणि त्यात ३७ जनुके असतात: प्रथिनांची १३, टीआरएनएची २२ आणि आरआरएनएची २ (हे दोन्ही प्रथिने घडवण्यात मदत करणाऱ्या आरएनएचे प्रकार). केवळ सायटोक्रोम-बी हे ११४० बेसजोड्यांचे जनुक घेऊन भागवण्याची प्रथा जुनी आहे. ते प्रजाती ओळखायला उपयोगी पडते, पण आखूड फांद्या उलगडण्याइतकी माहिती त्यात नसते.

प्रत्येक नोंद उघडून वाचावी. प्राणी कुठला होता, वन्य की प्राणिसंग्रहालयातला, उपप्रजाती दिली आहे का, क्रम पूर्ण आहे की अर्धवट, आणि तो कोणत्या अभ्यासातून आला, हे सगळे एका तक्त्यात उतरवावे. फास्टा या, क्रम साठवण्याच्या साध्या मजकूर-फाइलमधली लांबलचक नावे काढून ‘प्रजाती_ठिकाण_नोंदक्रमांक’ अशा एकाच साच्यात नावे द्यावीत. हे कंटाळवाणे काम वगळले, की झाडाच्या टोकांवर नुसते क्रमांक दिसतात आणि कोणता तपकिरी अस्वल कुठला, हे शोधण्यात वेळ जातो.

आखूड तुकड्यांवर विसंबल्याने काय होते, याचे उदाहरण हिमालयातलेच आहे. २०१४ साली ‘यती’चे म्हणून सांगितल्या गेलेल्या केसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लडाख आणि भूतान येथील दोन नमुन्यांचा १२एस आरआरएनए जनुकातला १०४ बेसजोड्यांचा तुकडा एका प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी तंतोतंत जुळतो, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी तीच माहिती तपासली तेव्हा प्राचीन अस्वलाशी जुळणी टिकली नाही, आणि एवढ्याशा तुकड्यावरून ते केस हिमालयी तपकिरी अस्वलाचे नाहीत असे म्हणता येत नाही, हेही दिसून आले. २०१७ मध्ये अधिक लांबीच्या क्रमांवर झालेल्या वेगळ्या अभ्यासात ‘यती’चे म्हटलेले बहुतेक नमुने अस्वलांचेच निघाले. साठ्यातला सर्वांत जवळचा जुळणारा क्रम म्हणजे प्रजातीची ओळख नव्हे. तुकडा जितका आखूड, तितके जुळणारे दावेदार अधिक.

*तपासणी:* प्रथिनांच्या तेराही जनुकांचे भाषांतर करून पाहावे. भाषांतरासाठी पृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल संकेततक्ता निवडावा, सर्वसाधारण तक्ता नव्हे. मायटोकॉन्ड्रियात टीजीए हा थांब-संकेत (प्रथिन संपल्याची खूण) नसून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा संकेत असतो. योग्य तक्ता वापरूनही जनुकाच्या मधोमध थांब-संकेत आला, तर दोन शक्यता आहेत. एक तर क्रम एखाद्या बेसने सरकला आहे, किंवा तो खरा मायटोकॉन्ड्रियल क्रम नसून पूर्वी कधीतरी केंद्रकात जाऊन पडलेली त्याची निकामी प्रत आहे. अशा प्रती झाडात वेगळाच वंश सांगतात. त्या काढून टाकाव्यात. जनुकाच्या अगदी शेवटी थांब-संकेत अपुरा दिसला तर घाबरू नये. तो आरएनए तयार झाल्यावर पूर्ण होतो.

टप्पा ४. क्रम कापावेत आणि जुळवावेत

मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच वर्तुळाकार असतो, म्हणून नोंदीची सुरुवात कोठून करायची हा लिहिणाऱ्याचा निर्णय असतो. बहुतेक नोंदी फेनिलॲलानिनच्या टीआरएनएपासून सुरू होतात, सगळ्या नव्हेत. आरंभबिंदू वेगळा असलेले दोन क्रम तसेच जुळवायला (म्हणजे समान जागा एकाखाली एक लावायला) दिले तर सॉफ्टवेअर तक्रार न करता निरर्थक जुळणी करून देते. म्हणून आधी सर्वांचा आरंभबिंदू एक करावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक जनुक सुटे करून वेगवेगळे जुळवावे. तेरा प्रथिन-जनुकांपैकी एनडी६ विरुद्ध धाग्यावर असते. सुटे करताना त्याचा उलट-पूरक क्रम घ्यावा.

नियंत्रण-प्रदेश, म्हणजे मायटोकॉन्ड्रियल जनुकसंचातला जनुके नसलेला पट्टा, या कामातून वगळावा. त्यात लहान तुकड्यांची पुनरावृत्ती असते, तिची संख्या एकाच प्राण्यातही बदलू शकते, आणि आठ प्रजातींमध्ये ती खात्रीने जुळवता येत नाही. एकाच प्रजातीतील समूहांच्या तुलनेत मात्र तोच भाग उपयोगी पडतो, म्हणून तो पुसून न टाकता वेगळ्या फाइलीत ठेवावा.

जुळवणीसाठी मॅफ्ट किंवा मसल या सॉफ्टवेअरपैकी काहीही चालते. प्रथिन-जनुके संकेतत्रयीनुसार, म्हणजे तीन-तीन बेसच्या गटाने जुळवावीत; तसे केल्यास मधल्या रिकाम्या जागा एक-दोन बेसच्या न राहता तीनच्या पटीत येतात.

*तपासणी:* जुळवलेली फाइल अलीव्ह्यूसारख्या दर्शकात उघडून डोळ्यांनी पाहावी. एकाच प्राण्याच्या ओळीत सलग पाच-पंचवीस बेस बाकी सगळ्यांहून वेगळे दिसले, तर तो उत्क्रांतीचा पुरावा नसून बहुधा जुळवणीचा दोष असतो. ही पाहणी टाळू नये. पुढच्या टप्प्यांतले कोणतेही सॉफ्टवेअर ही चूक दाखवून देणार नाही.

टप्पा ५. मायटोकॉन्ड्रियल झाड काढावे आणि त्याला त्याच नावाने ओळखावे

सगळ्या बेसना एकच नियम लावून झाड काढू नये. संकेतत्रयीतील तिसरा बेस बदलला तरी बहुधा अमिनो आम्ल बदलत नाही, त्यामुळे तो झपाट्याने बदलतो. पांडा आणि तपकिरी अस्वल यांच्यासारख्या दूरच्या जोडीत एकाच जागी अनेकदा बदल झालेले असतात आणि जुन्या बदलांचा माग पुसला जातो. म्हणून जनुक आणि त्रयीतील स्थान यांनुसार विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागासाठी बदलाचे योग्य प्रारूप आयक्यू-ट्री या झाड काढणाऱ्या सॉफ्टवेअरला निवडू द्यावे. नंतर हेच झाड तिसरा बेस वगळून पुन्हा काढावे. दोन झाडांत खोलवरच्या फांद्या बदलल्या, तर त्या फांद्यांविषयी ठाम विधान करू नये.

फांद्यांच्या खात्रीसाठी बूटस्ट्रॅप करावा, म्हणजे त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन तीच फांदी शंभरांत किती वेळा येते ते पाहावे. येथे आकड्यांचा गोंधळ नेहमी होतो. सर्वसाधारण बूटस्ट्रॅपमध्ये ७० च्या वरचा आकडा बरा मानण्याची रीत आहे. आयक्यू-ट्रीच्या अतिजलद बूटस्ट्रॅपमध्ये मात्र ९५ च्या खालच्या फांदीवर भिस्त ठेवू नये. कोणती पद्धत वापरली हे न लिहिता नुसता आकडा छापणे निरर्थक आहे.

आता झाडाचे मूळ बाह्यगटाकडे नेऊन ते फिगट्री या झाड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. काम बरोबर झाले असेल तर साधारण असे दिसेल: पांडाची शाखा सर्वांत आधी वेगळी, त्यानंतर चष्मेवाले अस्वल, आणि मग उरलेल्या सहांचा गट. या सहांत भारतीय अस्वल आधी फुटलेले, दोन्ही काळी अस्वले एकमेकांची सख्खी आणि सूर्य अस्वल त्यांच्या शेजारी. ध्रुवीय अस्वले तपकिरी अस्वलांच्या शेजारी नव्हे तर त्यांच्या आत, अलास्काच्या त्या तीन बेटांवरील प्राण्यांना लागून बसलेली दिसतील.

*तपासणी:* पांडा सहांच्या गटात शिरला असेल, किंवा सील अस्वलांमध्ये आला असेल, तर पुढे जाऊ नये. फाइलींतील नावे, धाग्याची दिशा आणि आरंभबिंदू या क्रमाने मागे जाऊन तपासावे.

झाड वाचतानाची एक चूक इतकी रुळली आहे की तिचा वेगळा उल्लेख करायला हवा. भारतीय अस्वलाची फांदी आधी फुटते, म्हणून ते ‘सर्वांत आदिम’ किंवा ‘इतरांचे पूर्वज’ आहे, असे लिहिले जाते. फाट्याच्या दोन्ही बाजूंना लोटलेला काळ सारखाच असतो. आजचे कोणतेही अस्वल आजच्या दुसऱ्या अस्वलाचे पूर्वज नाही. तसेच टोकांवरील नावांचा वरून खाली येणारा क्रम काहीही सांगत नाही. एखाद्या फाट्याशी फांद्या उलटसुलट फिरवल्या तरी झाड तेच राहते.

या चित्राचा मथळा ‘मायटोकॉन्ड्रियल वंशवृक्ष’ असाच द्यावा. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, आणि त्यातील ३७ जनुके वेगळी होत नसल्यामुळे ती सगळी मिळून एकच साक्षीदार ठरतात. १७ हजार बेस म्हणजे १७ हजार साक्षी, असे समजणे हा या विषयातला सर्वांत महाग गैरसमज आहे.

टप्पा ६. केंद्रकीय जनुकांची झाडे वेगवेगळी काढावीत

केंद्रकातील डीएनए आई-वडील दोघांकडून येतो आणि पिढ्यागणिक त्याची अदलाबदल होते, म्हणून एकमेकांपासून दूर असलेली जनुके स्वतंत्र साक्षी देतात. २०१२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात १४ केंद्रकीय इंट्रॉन (जनुकातले प्रथिन न घडवणारे तुकडे) वापरून ध्रुवीय अस्वल तपकिरी अस्वलाच्या पोटातले नसून त्याची भगिनी-प्रजाती असल्याचे दाखवले गेले. २०१७ मध्ये सर्व प्रजातींच्या जनुकसंचांचे १८,६२१ तुकडे पाडून प्रत्येकाचे झाड तपासले गेले. त्यात अमेरिकी काळे अस्वल तपकिरी-ध्रुवीय जोडीच्या शेजारी गेले, तर आशियाई काळे, सूर्य आणि भारतीय अस्वल यांचा वेगळा गट झाला. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाने सख्खी ठरवलेली दोन काळी अस्वले केंद्रकीय डीएनएने दोन वेगळ्या घरांत बसवली.

प्रकल्पाच्या आवाक्यात प्रकाशित इंट्रॉनांचा संच येतो. कामाचा क्रम असा ठेवावा: प्रत्येक इंट्रॉन वेगळा जुळवावा, प्रत्येकाचे झाड वेगळे काढावे, मग ही सर्व झाडे ॲस्ट्रल या सॉफ्टवेअरला देऊन त्यांच्यावरून प्रजातीवृक्ष काढावा. इंट्रॉन शेवटाला शेवट जोडून एकच लांब क्रम बनवणे ही सवय घातक आहे. जोडलेल्या क्रमात माहिती भरपूर असल्याने बूटस्ट्रॅप १०० दाखवतो, पण तो आकडा एवढेच सांगतो की त्याच माहितीतून तेच झाड पुन्हा येईल. किती जनुके त्या फांदीच्या बाजूने आहेत हे तो सांगत नाही. त्यासाठी आयक्यू-ट्रीमध्ये जनुक-सहमतीचा आकडा काढण्याची सोय आहे. बूटस्ट्रॅप १०० आणि जनुक-सहमती ३५ अशी फांदी दिसली तर ती पक्की फांदी नाही. तिथे वाद आहे आणि तो पुढच्या टप्प्यात सोडवायचा आहे.

*सावधान:* केंद्रकीय क्रमात एकाच जागी दोन बेस नोंदलेले आढळतात, कारण प्राण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतला एक बेस मनाने निवडू नये. दोन्ही प्रती वेगळ्या कराव्यात किंवा संदिग्ध चिन्ह तसेच ठेवावे.

टप्पा ७. झाडे जुळत नसतील तर कारण शोधावे

जनुकांची झाडे एकमेकांशी भांडतात तेव्हा जास्त मते मिळालेले झाड निवडून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण भांडणाची तऱ्हाच माहिती देते.

एक कारण निव्वळ योगायोगाचे असते. पूर्वज-समूहात एका जनुकाची अनेक रूपे असतात. शाखा भराभर फुटल्या तर कोणते रूप कोणाकडे राहिले याचा प्रजातींच्या नात्याशी मेळ बसतोच असे नाही. पैतृक भांडी भावंडांत वाटताना एकाच संचातले ताट आणि वाटी दोन घरी जावी, तसे हे वाटप असते. दुसरे कारण म्हणजे शाखा फुटल्यानंतर झालेला संकर.

दोन्हींत फरक करण्याची युक्ती साधी आहे. तीन प्रजाती आणि एक बाह्यगट घ्यावा. खरे नाते सोडून उरलेल्या दोन चुकीच्या मांडण्या केवळ योगायोगाने आल्या असतील, तर त्या साधारण सारख्या प्रमाणात दिसायला हव्यात. एक मांडणी दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक असेल, तर त्या बाजूने जनुकप्रवाह, म्हणजे संकरातून जनुकांची देवघेव, झाल्याचा संशय घ्यावा. यालाच डी-सांख्यिकी म्हणतात. तिची शहानिशा जनुकसंचाचे मोठे पट्टे एकेक करून वगळून करावी आणि झेड-मूल्य (निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर आहे याचा आकडा) ३ च्या पुढे गेल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. संपूर्ण जनुकसंचांचा वापर करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी: सगळ्यांचे तुकडे ध्रुवीय अस्वलाच्या संदर्भ-जनुकसंचावर बसवले, तर इतरही थोडे ध्रुवीयासारखे भासू लागतात. संदर्भ म्हणून पांडाचा जनुकसंच घेऊन तीच गणना पुन्हा करावी.

अलास्काची ती तीन बेटे येथे उपयोगी पडतात. तिथली अस्वले दिसायला आणि वागायला तपकिरी आहेत, केंद्रकीय डीएनएही बहुतांश तपकिरी अस्वलाचा आहे, पण मायटोकॉन्ड्रिया ध्रुवीय अस्वलाच्या जवळचा. २०१३ च्या अभ्यासात त्यांच्या एक्स गुणसूत्राचा सुमारे ६.५ टक्के भाग ध्रुवीय अस्वलाकडून आलेला दिसला, तर इतर गुणसूत्रांत हे प्रमाण सुमारे १ टक्का होते. एक्स गुणसूत्र दोन-तृतीयांश काळ माद्यांमध्ये वावरते आणि मायटोकॉन्ड्रिया पूर्णपणे माद्यांकडूनच येतो. अस्वलांत नर दूरवर भटकतात, माद्या जन्मस्थळाजवळ राहतात. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की संशोधकांनी मांडलेला अर्थ पटतो: बेटांवर मूळच्या ध्रुवीय माद्या होत्या आणि मुख्य भूमीवरून पिढ्यान्पिढ्या आलेल्या तपकिरी नरांनी त्या समूहाचे रूप पालटले. फक्त मायटोकॉन्ड्रिया पाहणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता. तो ध्रुवीय अस्वलाला तपकिरी अस्वलाची अलीकडची उपशाखा समजून बसला असता.

असा संकर अपवादात्मक नाही. २००६ साली कॅनडाच्या उत्तर भागात मारल्या गेलेल्या एका अस्वलाचा डीएनए तपासल्यावर ते ध्रुवीय मादी आणि तपकिरी नराचे अपत्य निघाले. नामशेष झालेल्या गुहा-अस्वलाचाही ०.९ ते २.४ टक्के वारसा तपकिरी अस्वलांच्या जनुकसंचात टिकून असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले.

*सावधान:* डी-सांख्यिकी जनुकप्रवाहाची दिशा सांगत नाही. ‘अ’कडून ‘ब’कडे गेला की उलट, हे ठरवायला एक्स गुणसूत्र, मायटोकॉन्ड्रिया किंवा प्राचीन डीएनए यांसारखा वेगळा पुरावा लागतो.

टप्पा ८. काळ शेवटी मोजावा, आणि मर्यादांसह

ध्रुवीय अस्वल तपकिरी अस्वलापासून कधी वेगळे झाले, याची प्रकाशित उत्तरे पाहिली की घाई का नको हे समजते. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवर सापडलेल्या १ लाख १० हजार ते १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यातील मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून २०१० साली सुमारे दीड लाख वर्षे हा आकडा आला. २०१२ मध्ये इंट्रॉनांवरून सुमारे ६ लाख वर्षे, त्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचांच्या एका अभ्यासात ४० ते ५० लाख वर्षे, आणि २०१४ मध्ये ३ लाख ४३ हजार ते ४ लाख ७९ हजार वर्षे. गणित कोणाचे चुकले, असा हा प्रश्न नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या वंशाचे वय, समूह पहिल्यांदा दुरावल्याचे वय आणि त्यांच्यातील देवघेव थांबल्याचे वय ही तीन वेगळी वये आहेत. शिवाय बदलाचा वेग आणि पिढीचा अवधी किती धरला, यावर आकडा हलतो.

म्हणून आपण कोणते वय मोजत आहोत हे आधी लिहावे. जीवाश्म वापरताना तो फाट्याचे किमान वय देतो, नेमके वय नव्हे, हे विसरू नये. स्पेनमध्ये सापडलेला सुमारे १ कोटी १६ लाख वर्षांपूर्वीचा क्रेट्झोइआर्क्टोस हा पांडाच्या शाखेकडचा मानला, तर पांडाची शाखा त्याआधी फुटलेली असावी एवढेच त्यावरून म्हणता येते. किती आधी, ते नाही. पांडाच्या फाट्यावरून काढलेला वेग काही लाख वर्षांच्या फाट्यांना लावू नये. थोड्या काळात मोजलेला वेग जास्त येतो, कारण नैसर्गिक निवडीने अद्याप न वगळलेले बदलही त्यात मोजले जातात. अलीकडच्या फाट्यांसाठी वय माहीत असलेले प्राचीन नमुने झाडाच्या टोकांवर ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

*तपासणी:* बीस्ट या काळ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच मांडणी डीएनए-क्रम न देता एकदा चालवावी. क्रम देऊन आलेली वये आणि न देता आलेली वये सारखीच असतील, तर ती वये क्रमांतून आलेली नाहीत. आपण सुरुवातीला घातलेल्या गृहीतकांतूनच ती बाहेर पडली आहेत. क्रमांसह निदान दोन स्वतंत्र फेऱ्या चालवाव्यात आणि प्रत्येक राशीचा प्रभावी नमुनासंख्येचा (खरोखर स्वतंत्र नमुने किती, याचा) आकडा २०० च्या वर गेल्याशिवाय निकाल वापरू नये.

टप्पा ९. अहवालात काय लिहावे

मायटोकॉन्ड्रियल आणि केंद्रकीय झाड एकाच पानावर समोरासमोर छापावे आणि न जुळणाऱ्या फांद्या ठळक कराव्यात. अमेरिकी व आशियाई काळी अस्वले, भारतीय अस्वल आणि ध्रुवीय अस्वल या जागा त्यात यायलाच हव्यात. त्या आल्या नाहीत, तर टप्पा ३ कडे परत जाऊन नोंदी तपासाव्यात.

प्रत्येक चित्राखाली पाच गोष्टी असाव्यात: कोणता डीएनए, किती बेस, कोणता बाह्यगट, बदलाचे कोणते प्रारूप, आणि फांद्यांवरील आकडे कोणत्या पद्धतीचे. काळ छापताना एकच आकडा न देता मर्यादा द्याव्यात. वापरलेल्या सर्व नोंदींचे क्रमांक, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, दिलेल्या आज्ञा आणि जुळवलेल्या फाइली परिशिष्टात ठेवाव्यात. केवळ झाडाचे चित्र जोडले तर परीक्षकाला एकही फांदी पडताळता येत नाही. वगळलेल्या क्रमांची यादीही कारणांसह जोडावी, विशेषतः टप्पा ३ मध्ये भाषांतर न जमल्याने काढून टाकलेल्या प्रतींची.